घरपट्टी आणि फूटपट्टी

मी लेखक आहे, याची नोंद आजवर कोणत्याही साहित्य संस्थेने, समीक्षकाने किंवा माझ्या सासरच्या मंडळींनी घेतलेली नाही. महापालिकेच्या घरपट्टी विभागाने मात्र ती रीतसर घेतली. यंदाच्या बिलात आमच्या बंद बाल्कनीपुढे, वापराच्या रकान्यात, स्पष्ट छापलं होतं : 'गोदाम, बिगरनिवासी'.

त्या बाल्कनीत माझ्या कथासंग्रहाचे गठ्ठे आहेत. 'जागा अडते' एवढ्या दोन शब्दांच्या पत्रासह प्रकाशकांनी ते टेम्पोने परत पाठवले होते. टेम्पोचं भाडं मी दिलं, हमाली मी दिली, आणि आता त्यांच्या मुक्कामाचा करही मीच द्यायचा होता. बरं, बिगरनिवासी म्हटलं की नुसता दर वाढत नाही, सोबत रोजगार हमी उपकरही येतो. हा उपकर राज्य सरकारचा. महापालिका तो फक्त गोळा करून पाठवते. ज्या पुस्तकाने मला एका कटिंग चहाचा रोजगार दिला नाही, ते आता परस्पर महाराष्ट्रातल्या मजुरांना रोजगाराची हमी देऊन बसलं होतं.

हे सगळं झालं ते मोजणीला आलेल्या कर निरीक्षक साहेबांमुळे. साहेब आले तेव्हा सोबत रजिस्टर धरलेला एक शिपाई होता. टेपचं एक टोक साहेबांनी माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्वतःकडे ठेवलं. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. साहेब भिंतीपर्यंत पोचायच्या आधीच आकडा बोलत होते आणि शिपाई आकडा ऐकायच्या आधीच लिहीत होता. बाल्कनीपाशी येऊन साहेब थांबले.

"हे काय आहे?"

"पुस्तकं."

"विक्रीसाठी?"

इथे कोणीही शहाणा माणूस 'छे छे' म्हणाला असता. पण आपलं पुस्तक विक्रीसाठी आहे का, असं ते प्रसिद्ध झाल्यापासून कोणी पहिल्यांदाच विचारत होतं. माझा ऊर भरून आला. "हो, हो! विक्रीसाठीच! आपल्याला ४० टक्के सवलतीत देईन," मी म्हणालो. शिपायाचं पेन भरभर चाललं.

साहेब सोफ्यावर टेकले. कांदेपोहे खाल्ले. मग छताकडे बघत म्हणाले, "काय असतं, कागदावर काय लिहायचं ते आम्ही ठरवत नसतो."

"मग कोण ठरवतं?"

"परिस्थिती." जरा थांबून, "आता परिस्थिती तुमच्या हातात आहे."

मी समजलो. उठून आत गेलो. साहेबांचा चेहरा उजळल्याचं बायकोने पाहिलं. मी बाहेर आलो तो कथासंग्रहाची एक प्रत घेऊन, पहिल्या पानावर 'सप्रेम भेट' आणि सही करून. साहेबांनी ती दोन बोटांत धरली, उलटी करून झटकली, आत काही नाही याची खात्री करून घेतली आणि जाताना चपलांच्या मांडणीवर ठेवून गेले. माझं पुस्तक लाच म्हणूनसुद्धा खपलं नाही.

आता घरपट्टी ठरवण्याची रीत काय, ते मी बिल आल्यावर समजून घेतलं. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत आहे. आमच्यासारख्या शहरात अजून भाडेमूल्य चालतं. म्हणजे हे घर वर्षभरासाठी भाड्याने दिलं तर वाजवी भाडं किती येईल, ते धरायचं. त्यातून दुरुस्ती आणि इतर सगळ्या भानगडींसाठी १० टक्के वजा करायचे. उरतं ते करयोग्य मूल्य, आणि त्यावर सामान्य कर, सफाई कर, अग्निशमन कर, वृक्ष कर वगैरे. थोडक्यात, तुम्ही स्वतःच्या घरात राहत असलात तरी कायद्याच्या डोळ्यांना तिथे एक काल्पनिक भाडेकरू दिसत असतो. तो कधी गळतीची तक्रार करत नाही, डिपॉझिट परत मागत नाही आणि साहेब म्हणतील तेवढं भाडं मुकाट्याने देतो. बायको म्हणाली, "त्याला म्हणावं, खरंच ये राहायला. ही किल्ली. आम्ही माझ्या आईकडे जातो."

पुण्याने तर १९७० पासून स्वतःच्या घरात स्वतः राहणाऱ्यांना ४० टक्के सवलत ठेवली होती. ती मध्ये सरकारने बंद केली आणि २०२३ मध्ये पुन्हा दिली. ती मिळवायला पीटी-३ नावाचा अर्ज भरून आपण आपल्याच घरात राहतो, हे कागदपत्रांनिशी सिद्ध करावं लागतं. पुणेकरांनी हे काम किती चवीने केलं असेल, याची मी कल्पना करू शकतो.

बिलं सगळ्यांनाच आली होती, म्हणून सोसायटीची तातडीची सभा भरली. एरवी कोरमसाठी जिन्यात उभं राहून हाका माराव्या लागतात. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या.

"हा सरळसरळ भ्रष्टाचार आहे!" अध्यक्षांनी टेबलावर मूठ आपटली.

"लुटारू आहे तो माणूस," तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या.

दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी एक साधी सूचना केली. सर्वांनी आपापली बिलं टेबलावर ठेवावीत, म्हणजे तुलना करून तक्रार करता येईल. सभेत एकदम शांतता पसरली. कोणाचं बिल इस्त्रीच्या कपड्यांत गेलं होतं, कोणाचं मुलाच्या दप्तरात. मास्तर निवृत्त असले तरी मास्तरच. त्यांनी मुलांकडून गृहपाठ काढून घ्यावा तशी एकेकाची बिलं काढून घेतली.

आमच्या इमारतीचे सगळे मजले एकाच नकाशाचे. तरी बिलांवर पहिला मजला ६१२ चौरस फूट, दुसरा ५४० आणि तिसरा ६७० निघाला. म्हणजे महापालिकेच्या दप्तरात आमची इमारत कंबरेत बारीक आहे. मास्तर ५४० वाले निघाले. "माझ्याकडे टेप जरा ताणून धरला असेल," एवढंच ते म्हणाले. काकू घरातून रोज ऐंशीएक डबे बाहेर पाठवतात. दुपारी त्यांच्या दारात डबेवाल्यांच्या सायकलींमुळे रिक्षा वळत नाही. त्यांच्या बिलावर 'निवासी'. "साहेबांना माझं थालीपीठ फार आवडलं हो," काकू लाजल्या. "घरच्यासारखं लागलं म्हणाले. घरच्यासारखं, म्हणून निवासी." अध्यक्षांनी गच्चीवर पत्रा टाकून एक प्रशस्त खोली काढली आहे. तिची नोंद होती 'पाण्याची टाकी'.

"टाकीला एसी आहे," मी म्हणालो.

"पाणी थंड राहतं," अध्यक्ष म्हणाले.

एवढं सगळं टेबलावर आल्यावर साहेबांविरुद्धचा संताप कमी व्हायला हवा होता. तो उलट वाढला. कारण प्रत्येकाला आता कळलं की साहेबांनी दुसऱ्याला आपल्यापेक्षा जास्त सवलत दिली. अन्याय माणूस सोसतो. शेजाऱ्यावर झालेली कृपा सोसत नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवायचं, असं एकमताने ठरलं. १०६४ हा त्यांचा क्रमांक मास्तरांना पाठ होता. सापळा कसा रचतात, तेही त्यांनी रंगवून सांगितलं. नोटांना पावडर लावतात, साहेबांनी त्या घेतल्या की हात रसायनाच्या पाण्यात बुडवतात आणि पाणी गुलाबी होतं. काकूंना ते फार आवडलं. त्यांनी कोणती पावडर, कुठे मिळते, हेही विचारून ठेवलं.

"नोटा कोण आणतं?" खजिनदारांनी विचारलं.

"तक्रारदारच आणतो. मागाहून परत मिळतात."

"मागाहून म्हणजे कधी?"

मास्तरांनी घसा साफ केला. खजिनदारांनी वही उघडली. "सिंकिंग फंडातून काढायच्या तर ऑडिटरला काय दाखवू? 'लाच, परतफेडीच्या बोलीवर'?"

तरीही अध्यक्ष ठाम होते. मग मास्तरांनी कायद्यातली पुढची ओळ वाचली. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार, शिक्षा सात वर्षांपर्यंत. जबरदस्तीने द्यावी लागली असेल आणि सात दिवसांच्या आत कळवलं असेल, तरच सुटका. सभेत पुन्हा शांतता पसरली. मोजणी होऊन किती दिवस झाले, हे जो तो बोटांवर मोजू लागला. अध्यक्षांची बोटं लवकर संपली. "आपण कोणाच्या पोटावर पाय आणायला नको," ते मऊ आवाजात म्हणाले. "त्यालाही बायकापोरं असतील."

सापळा बारगळला तशी माहितीचा अधिकार पुढे आला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करायची जबाबदारी मास्तरांनी घेतली. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे हा अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. मास्तर दीडशे शब्दांत आपलं नावही सांगून संपवत नाहीत. त्यांनी 'महोदय' लिहून सुरुवात केली आणि नगरपालिका ही संस्था समाजात का निर्माण झाली, इथपर्यंत आले तेव्हा शब्द संपले. प्रश्न विचारायचा राहूनच गेला. तरी उत्तर आलं : 'आपण विचारलेल्या माहितीबाबत कार्यालयीन वेळेत येऊन अभिलेखांचे अवलोकन करावे.' न विचारलेल्या प्रश्नाचं इतकं तत्पर उत्तर मी अन्यत्र पाहिलेलं नाही.

मी आपला सरळमार्गी. हरकत अर्ज दिला. सुनावणीला बोलावणं आलं. वरचे साहेब शांत आणि दुःखी दिसत होते.

"हरकत काय आहे?"

"ते गोदाम नाही. पुस्तकं आहेत."

"विकली जातात?"

या खेपेला मी तयारीत होतो. "अजिबात नाही," मी अभिमानाने म्हणालो.

"पुरावा?"

पुस्तक विकलं जात नाही याचा पुरावा द्यायचा कसा? प्रकाशकांना फोन केला. पत्र मागितलं. माझ्या हस्तलिखिताला उत्तर द्यायला त्यांना दीड वर्ष लागलं होतं. हे पत्र त्याच संध्याकाळी आलं. एका वाक्याचं मागितलं होतं, त्यांनी लेटरहेडवर दोन पानं दिली. 'सदर पुस्तकास मागणी नाही, नव्हती व भविष्यात संभवत नाही,' अशी सुरुवात होती. पुढे कारणमीमांसा होती. इतकं सविस्तर परीक्षण या पुस्तकाचं दुसऱ्या कोणीही केलेलं नाही. साहेबांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"ऐकून वाईट वाटलं," ते म्हणाले. "पण विकलं जात नाही म्हणूनच साठा आहे ना? साठा आहे म्हणूनच गोदाम."

यावर न्यायालयात अपील करता येतं. मात्र आधी वादातली सगळी रक्कम भरायची, मग वाद घालायचा. कर भरला नाही तर महिन्याला २ टक्के शास्ती. आणि थकलंच तर काही महापालिका थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवायला पथक पाठवतात. बायकोचे डोळे चमकले. "थकवू या," ती म्हणाली. "लग्नात तुमच्या बाबांनी बँडला नको म्हटलं होतं."

हे सगळं चालू असताना एके दिवशी बातमी आली : आपले निरीक्षक साहेब दुसऱ्या प्रभागात सापडले. पाणी गुलाबी झालं. साहेब निलंबित. सोसायटीत पेढे वाटले. ते अध्यक्षांनी आणले होते आणि सर्वांत मोठा पेढा त्यांनीच खाल्ला. आता न्याय मिळणार, नवीन प्रामाणिक अधिकारी येणार, असं जो तो म्हणत होता.

फक्त सेक्रेटरींचा मुलगा खूश नव्हता. तो कॅलिफोर्नियात असतो. वडिलांनी कौतुकाने त्याला व्हिडिओ कॉल लावून फोन सर्वांपुढे फिरवला. तो म्हणाला, "बाबा, जपून हां. इथे सॅन फ्रान्सिस्कोत असंच झालं होतं." रसेल वोल्डन नावाचे तिथले कर निर्धारक होते. व्यापारी मालमत्तांची आकारणी कमी करून देण्यासाठी पैसे खाल्ल्याचं प्रकरण १९६५ मध्ये बाहेर आलं, १९६६ मध्ये ते दोषी ठरले. लोक खूश. विधिमंडळाने त्याच वर्षी कायदा केला की यापुढे घर असो की कारखाना, सर्वांची आकारणी बाजारभावाच्या एकाच प्रमाणात, कोणालाही झुकतं माप नाही. मग तसं झालं. आणि तेव्हा लोकांना कळलं की जुन्या साहेबांनी व्यापाऱ्यांबरोबर गुपचूप त्यांच्या घरांनाही हलकं मोजून ठेवलं होतं. सरळ मोजणी झाल्यावर घरांचे कर चढले आणि शहरातल्या गाड्यांच्या मागे स्टिकर झळकले की तो लबाड कर निर्धारकच परत आणा. करांवरचा हा राग साठत जाऊन १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मालमत्ता कर मूल्याच्या १ टक्क्यावर बांधून टाकला आणि आकारणीची वाढ वर्षाला २ टक्क्यांपलीकडे जाऊ नये असा नियम केला.

"अमेरिकन लोकच विचित्र," अध्यक्ष दुसरा पेढा उचलत म्हणाले. "आपल्याकडे असं व्हायचं नाही. आपल्याकडे लोकांना प्रामाणिकपणाची कदर आहे."

नवे साहेब आले. वय तिशीच्या आतलं. हातात टेप नव्हता, लेझरचं यंत्र होतं. टॅबवर ड्रोनने काढलेला आमच्या गच्चीचा फोटो होता. चहा नको म्हणाले. थालीपीठ नको म्हणाले. पाणीसुद्धा पाठीवरच्या पिशवीतल्या स्वतःच्या बाटलीतलं प्यायले. सोसायटीला हा अपमान वाटला. चहा न घेणाऱ्या माणसाशी कुठून सुरुवात करायची, हेच आपल्याकडे कोणाला शिकवलेलं नाही.

लेझरचा लाल ठिपका आधी काकूंच्या ओट्यावर गेला, तिथल्या चार गॅस शेगड्यांवरून फिरला, डब्यांच्या थप्पीवर थांबला. "हा व्यवसाय आहे," साहेब म्हणाले. काकूंनी 'घरच्यासारखं' म्हणायला तोंड उघडलं, पण चव घेतल्याशिवाय तो मुद्दा पटणार कसा? दुसऱ्या मजल्यावर मास्तरांचं घर एका क्षणात वाढून पहिल्या मजल्याएवढं झालं. मास्तर जन्मभर मुलांना अचूकतेचे गुण देत आले होते. त्यांनी ठिपक्याकडे असं पाहिलं की यंत्राला ते नापास करतील असं वाटलं. माझ्या बाल्कनीत साहेबांनी गठ्ठे बघितले, एक प्रत उघडली, बंद केली. "हे गोदाम नाही," ते म्हणाले. मी आनंदाने दोन पानी पत्र काढणार, तोच ते म्हणाले, "बंद केलेली बाल्कनी ही खोलीच. क्षेत्रफळात धरतो." गोदाम गेलं, खोली आली, बिल जवळपास होतं तिथेच राहिलं.

मग आम्ही सगळे साहेबांमागून गच्चीवर गेलो.

"ही काय?"

"टाकी," अध्यक्ष म्हणाले.

"टाकीत दिवाण आहे."

"टाकी साफ करणारा दमतो ना."

"आणि टीव्ही?"

अध्यक्षांनी आशेने आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे पलीकडच्या चौकातली वाहतूक बघत होतो.

अनधिकृत बांधकामावर कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लागू शकते. आणि ती भरली म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं अजिबात नाही, हेही कायदा वर बजावतो. अध्यक्षांनी ते कलम साहेबांकडून दोनदा वाचून घेतलं. "म्हणजे दुप्पट द्यायचे आणि गुन्हेगारही राहायचं?" त्यांचा आवाज कातर झाला. "जुन्या साहेबांच्या वेळी एकदाच दिलं की प्रश्न मिटायचा."

यानंतरच्या सभेला पुन्हा कोरमचा प्रश्न आला नाही. सुरुवातीलाच काकू म्हणाल्या, की तो आधीचा माणूस निदान माणूस तरी होता, डोळे मिटून थालीपीठ खायचा. मास्तरांनी यंत्रमोजणीतील मानवी मूल्यांचा ऱ्हास या विषयावर बोलायला सुरुवात केली. दीडशे शब्दांचा नियम इथे लागू नसल्याने त्यांना आवरायला वेळ लागला. खजिनदारांनी विचारलं, जुन्या साहेबांचं निलंबन मागे घेण्यासाठी नागरिकांना अर्ज करता येतो का. सेक्रेटरींनी मुलाने सांगितलेल्या त्या स्टिकरची कल्पना मांडली. सर्वांना ती फार आवडली, पण कोणाच्या स्कूटरवर लावायचं, यावर चर्चा अडली आणि विषय पुढच्या सभेवर ढकलण्यात आला. मी, लेखक या नात्याने, निवेदनाचा मसुदा करावा असं ठरलं. माझ्या लेखनाला मागणी आली ती अशी.

मी मसुदा केला. 'नव्या अधिकाऱ्यांच्या कार्यपद्धतीमुळे नागरिकांमध्ये तीव्र असंतोष असून, ते कोणाचंही काहीही ऐकून घेत नाहीत, कोणाकडून काहीही स्वीकारत नाहीत, आणि सर्वांना एकाच मापाने मोजतात. तरी त्यांच्या वर्तनाची सखोल चौकशी व्हावी.' अध्यक्ष म्हणाले, 'सखोल' नको, नुसती चौकशी पुरे. खोलीचा विषय निघायला नको. दुरुस्तीसह ठराव सर्वानुमते मंजूर झाला. निवेदनाखाली आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. शेजारी फ्लॅट नंबरचा रकाना होता, तो मात्र कोणीही भरला नाही.